रामकुंडावरचे पगारी आणि बिनपगारी

आम्ही नाशिकवाले गोदावरीला गोदावरी म्हणतो ते कागदोपत्री. बोलताना ती गंगाच. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हटलं की घरच्यांना कळतं, ही रामकुंडाकडे निघाली, आता तासभर तरी परत येत नाही.

रामकुंड आहे केवढं? जेमतेम ८३ फूट लांब नि ४० फूट रुंद, एखाद्या बऱ्यापैकी मंगल कार्यालयाच्या हॉलएवढं. साताऱ्याकडच्या खटावच्या चित्ररावांनी ते १६९६ साली बांधलं. पण एवढ्याशा पाण्यात माणसं काय काय सोडतात! वनवासात रामानं इथे दशरथाचं श्राद्ध केलं अशी कथा आहे, त्यामुळे सगळ्या दिशांनी माणसं आपापले दशरथ घेऊन इथे येतात. १९४८ साली गांधीजींच्या अस्थीही इथे आल्या. शेजारचं होड्यांचं तळं ते गांधी तलाव.

मी जाते ती मात्र पक्षी बघायला. हे सांगितलं की लोक म्हणतात, मग नांदूरमधमेश्वरला जा की! तिकडेही जाते. निफाड तालुक्यातलं ते पाणी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, तेव्हा आमच्या काकूला भारी आनंद झाला. रामसर म्हणजे रामाचंच काहीतरी असणार, हे तिनं धरूनच टाकलं होतं. ते इराणमधलं कास्पियन काठचं गाव आहे, १९७१ मध्ये पाणथळ जागांचा करार तिथे झाला, हे मी सांगून पाहिलं. ‘असू दे, नाव तर रामाचंच आहे ना,’ म्हणाली. तिकडे हातभर लांब लेन्सा लावून लोक थंडीत पहाटे उभे असतात. रामकुंडावर मान वर करून बघणारं एकच गिऱ्हाईक, ते म्हणजे पिंडापाशी बसलेलं कुटुंब.

कारण इथला कावळा पगारी नोकर आहे. पानात भात वाढलेला, गुरुजी मनगटावरचं घड्याळ बघतायत, थोरला मुलगा हात जोडून आभाळाकडे. कावळा मात्र समोरच्या कठड्यावर बसून मान तिरकी करतो आणि एका डोळ्यानं पान तपासतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, तेव्हा नीट बघायचं तर मान तिरकी करणं आलंच. पण आपल्याकडे त्याचीही गोष्ट तयार आहे. इंद्राचा मुलगा जयंत कावळा होऊन आला, त्यानं सीतेला चोच मारली, रामानं दर्भाची काडी मंत्रून सोडली आणि त्याचा एक डोळा गेला. गोष्ट चित्रकूटची, पंचवटीची नव्हे. पण इथला प्रत्येक कावळा ती आपलीच असल्यासारखा बघतो. आणि गंमत अशी की अर्धा-पाऊण तास होऊनही कावळा शिवला नाही, तर गुरुजी दर्भाचाच कावळा करून पिंडाला लावतात. ज्या काडीनं डोळा घेतला तीच आता त्याची बदली कामगार!

बिनपगारी आहे ती ढोकरी, बगळ्याच्याच कुळातली. पायऱ्यांच्या कडेला मातकट पिसांत मान खांद्यात घालून बसली की जवळून जाणाऱ्यालाही दिसत नाही. उडाली की एकदम पांढरीशुभ्र. पुस्तकातलं तिचं दुसरं नाव वंचक, म्हणजे फसवणारा. मागच्या महिन्यात एक गृहस्थ पुण्य म्हणून माशांना कणकेच्या गोळ्या टाकत होते. दोन पायऱ्या सोडून ही. गोळी पडली, मासे वर आले, पाणी खळबळलं. हिनं मान हळूहळू पुढे काढली, सुईत दोरा ओवताना काढतो तशी, आणि टच्! गृहस्थांच्या चेहऱ्यावरचं पुण्य तिथल्या तिथे उतरलं. ‘शुक् शुक्’ केलं त्यांनी. ती दोन फूट सरकली, पुढच्या गोळीची वाट बघत. हिची कुठे कथा नाही, कुंड नाही. तरी माझं मत विचाराल तर या घाटावर सगळ्यात सुखात तीच आहे.

अर्थात पाणी असेल तोवर. २०१६ च्या एप्रिलमध्ये कुंड कोरडं पडलं होतं, पाडव्याच्या स्नानाला टँकरनं पाणी आणून ओतावं लागलं. त्याच साली ऑगस्टच्या सुरुवातीला असा पूर आला की काठावरची छोटी देवळं दिसेनात, आणि सगळं गाव नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघायला पुलावर; आमची पुराची मोजपट्टी तीच. ढोकऱ्या या दोन्ही वेळी कुठे जातात, देव जाणे.

काकांच्या दहाव्याला मी काकूजवळ मागे उभी होते. पानात काकूनं सांजा ठेवला होता. चुलतभावानं गुपचूप बटाट्याची भजी सरकवली. (कांद्याची नाही, गुरुजींचा धाक होता.) शेवटची चार वर्षं काकूनं काकांना तेलकट शिवू दिलं नव्हतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. भाऊ म्हणाला, आईला सांभाळू. धाकटा म्हणाला, घराची वाटणी करणार नाही. कठड्यावरचे तिघं ढिम्म. शेजारच्या पानाला तोवर दोनदा शिवून झालं होतं. गुरुजी दर्भ हातात घेतात तोच करड्या मानेचा एक खाली उतरला, सांज्याला वळसा घातला, भजं उचललं आणि गेला.

सगळ्यांनी हात जोडले. काकूनं पदर डोळ्यांना लावला आणि माझ्या कानाशी म्हणाली, ‘बघितलंस? शेवटपर्यंत ऐकलं नाही माझं.’