जुना टिप्पर: आधी मागून पाहा

जुना टिप्पर दाखवायला आणला की विकणारा आधी सेल्फ मारतो. इंजिन एका हाकेत चालू होते, धूर नाही, आवाज गोड, आणि घेणाऱ्याचे निम्मे मन तिथेच बनते. खरे तर इंजिन सगळ्यात शेवटी पाहावे. बोअर-पिस्टन, नोझल, पंप ही कामे नागपूर, चंद्रपूर, वणीकडचा कुठलाही जाणता मिस्त्री करून देतो आणि खर्चाचा अंदाजही आधी सांगतो. फाटलेली चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मात्र पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

पण त्याआधी गाडीवर कोणता माल चालणार ते ठरवा. आपल्याकडे एकाच नाक्यावर कोळसा, रेती, मुरूम आणि गिट्टी अशा चारही मालांचे टिप्पर दिसतात. दुरून सारखे वाटले तरी आतून ते वेगळे असतात.

टाटा-लेलँडच्या जुन्या मॉडेल नंबरांत हिशेब लिहिलेलाच असतो. २५१८ म्हणजे साधारण २५ टन एकूण वजन आणि १८० हॉर्सपॉवर, १६१३ म्हणजे १६ टन आणि १३० हॉर्सपॉवर. दहा चाकी २५१८ डाल्यासकट (माल भरायच्या मागच्या खोक्यासकट) रिकामी साडेदहा टनांच्या आसपास भरते, म्हणजे मालाला उरतात साडेचौदा टन. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. ओल्या रेतीचा एक ब्रास पाच टनांच्या घरात जातो, म्हणजे तीन ब्रासही पुरते बसत नाहीत. सुटा कोळसा ब्रासला अडीच टनांच्या आतच राहतो. १४ घनमीटरचा डाला म्हणजे पाच ब्रास. त्यात काठोकाठ कोळसा भरला तरी बारा टन होतो आणि गाडी मजेत चालते. त्याच डाल्यात काठोकाठ ओली रेती भरली तर माल २५ टन आणि एकूण ३५ टनांच्या वर. कोळशाचा उंच डाला स्वस्तात मिळाला म्हणून रेतीवर लावणारे इथेच फसतात, कारण डाला रिकामा दिसला की लोडरवाला भरतच जातो. रेती-गिट्टीसाठी गाडी घेतली तर डाल्याच्या बाजू कापून उंची कमी करा. त्या बदलाची नोंद आरटीओत करा, म्हणजे फिटनेसला अडचण येत नाही.

२०१८ मध्ये नव्या गाड्यांची एक्सल-मर्यादा वाढली, तीन एक्सलला साडेअठ्ठावीस टन झाली. जुन्या गाडीवर त्या भरवशावर राहू नका, आरसीवरचा आकडा धरा. ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार आहे. पाच टन जास्त म्हणजे एका पावतीत तीस हजार.

आता गाडीच्या मागे जा. सोबत हातोडी, रॉकेल, खडू आणि लांब सुतळी हवी. नवा काळा रंग किंवा डांबर फासलेली चेसिस दिसली की संशय घ्याच. तडा तीन ठिकाणी जातो: डाल्याच्या मागच्या बिजागरीच्या ब्रॅकेटजवळ, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटच्या भोकांपाशी, आणि केबिनच्या मागे जिथे डाला उचलणाऱ्या जॅकचा जोर येतो तिथल्या क्रॉस मेंबरवर. जागा घासून स्वच्छ करा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडी पुसा आणि वर खडू घासा. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन खडूवर काळी रेघ उमटते. वेल्डिंगचा टाका चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीवर आडवा असेल तर ती गाडी सोडून द्या. ताण सगळा तिथेच असतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे लोखंड कमजोर होते, मग टाक्याला लागूनच नवा तडा जातो. सुतळी पुढून मागे ताणली की चेसिस वाकली आहे का तेही कळते.

खाणीत राबलेली गाडी ओळखायला डाल्याचा तळ पुरेसा आहे. ओल्या कोळशातले गंधक पाण्यात मिसळून आम्ल तयार होते आणि पत्र्याला कोपऱ्यांतून खाते. घुग्घुस, माजरी, उमरेडकडे वर्षानुवर्षे चाललेल्या डाल्यांचे कोपरे हातोडीने ठोका. ठण आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आला तर आत कागद उरला आहे. गिट्टी-दगडासाठी तळाला ८ मिलिमीटर पत्रा हवा, रेती-मुरमाला ५-६ पुरतो. जाड पत्र्याचा मोह आवरा. साधारण साडेअकरा चौरस मीटर तळावर प्रत्येक मिलिमीटर ९० किलो वाढवतो आणि तेवढा माल प्रत्येक खेपेला कमी बसतो. म्हणूनच सौदा करण्याआधी गाडी रिकामी काट्यावर चढवा. आरसीवरच्या वजनापेक्षा पाच-सातशे किलो जास्त भरली, तर पत्र्यावर पत्रा ठोकलेला आहे.

जॅकची परीक्षा सोपी आहे, पण वेळ लागतो. डाला अर्धा उचलून इंजिन बंद करा आणि पंधरा मिनिटे थांबा. वीतभर खाली आला तर सील किंवा व्हॉल्व्ह गेला. मग पूर्ण उचला. नळी झटके देत उघडली तर ऑइल कमी आहे किंवा हवा शिरली आहे. नळीवर उभे ओरखडे असतील तर नुसते सील बदलून भागत नाही, महिन्याभरात तेच पुन्हा. ऑइल दुधासारखे दिसले तर पाणी शिरलेले, तेव्हा टाकी धुऊन ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. आपल्या ४५-४६ डिग्रीच्या उन्हाळ्यात ४६ नंबरचे ऑइल पातळ पडते, ६८ नंबर चांगला. डाला जड उचलतो म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह कसून देणारे मिस्त्री असतात, त्यांना हात लावू देऊ नका. प्रेशर मर्यादेबाहेर गेले की पाइप फुटतो, नाहीतर नळी वाकते. पीटीओ (गिअरबॉक्सवरून जॅकचा पंप फिरवणारा जोड) लागलेला ठेवून गाडी रस्त्यावर पळवली की पंप जळतो. जुन्या गाडीत त्याचा दिवा बहुतेक वेळा बंदच असतो, तो आधी चालू करून घ्या.

मागच्या बोगीत, म्हणजे मागच्या दोन एक्सलच्या जोडीत, एक्सल जागेवर धरणाऱ्या टॉर्क रॉडच्या बुशांकडे कुणी पाहत नाही. बुश गेले की दोन्ही एक्सल एका रेषेत राहत नाहीत आणि टायर तिरपे झिजतात. टायरवर तिरपी झीज दिसली तर भाव तिथेच तोडा. क्राउनचे (मागच्या एक्सलमधल्या गिअरचे) ऑइल थोडे काढून उन्हात पाहा: चमकणारी बारीक पावडर चालते, बोटाला टोचणारे कण चालत नाहीत. ब्रेकसाठी हवा ८ बारपर्यंत भरून इंजिन बंद करा आणि पेडल दाबून धरा. काटा भराभर उतरला तर गळती शोधा.

इंजिनाचे थोडक्यात. ऑइल भरायचे झाकण काढा. आयडलिंगवर तिथून भकाभका वाफ आली तर रिंगा गेल्या. निळा धूर ऑइलचा असतो, आणि गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर हेड गॅस्केटकडे पाहा. बीएस-३ (धुराच्या नियमांचा जुना टप्पा) पर्यंतच्या बहुतेक गाड्यांचे पंप गावाकडचा मिस्त्री समजून घेतो. एप्रिल २०१७ नंतरच्या बीएस-४ गाड्यांना सेन्सर आणि काहींना यूरियाही सांभाळावा लागतो, त्यासाठी स्कॅनरवाला जवळ हवा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात चाललेली गाडी असेल तर रेडिएटर उघडून आतला क्षार पाहाच. बोअरचे पाणी ओतून ओतून नळ्या बुजलेल्या असतात, आणि मे महिन्यात चढावर गाडी उकळते. कूलंट घाला, विहिरीचे पाणी नको.

कागदांत चेसिस नंबर स्वतः खरडून पाहा, बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ घ्या, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ची एनओसी घ्या. ई-चलान तपासा. रेती-मुरमावर चाललेली गाडी असेल तर तहसीलमध्ये गौण खनिजाचा दंड बाकी आहे का ते विचारून घ्या, नाहीतर दुसऱ्याची वाळू तुमच्या गळ्यात पडते. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात तेव्हा भाव उतरतो, घ्यायची वेळ तीच. फक्त भरलेली गाडी चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, भलेही त्यासाठी मुरमाची एक खेप विकत घ्यावी लागो.

गाडी घरी आली की सगळी ऑइले, फिल्टर, हब बेअरिंगचे ग्रीस, ब्रेक लायनर बदला. पाटे उघडले तर यू-बोल्ट नवेच टाका. जुना एकदा ताणलेला असतो, पुन्हा कसला तरी पकडत नाही. पहिल्या भरलेल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर ते परत कसा. रिमोल्ड टायर मागेच वापरा, पुढे कधी नाही. जोडीतल्या दोन टायरांच्या व्यासात पाव इंचाहून जास्त फरक असेल तर सगळा भार मोठ्यावर येतो आणि उन्हाळ्यात तोच फुटतो. हवा सकाळी थंड टायरात मोजा. दुपारी वाढलेली दिसली म्हणून सोडू नका.

डाल्याखाली हात घालायचा असेल तर लोखंडी टेकू लावल्याशिवाय नाही, जॅक कितीही चांगला असला तरी. आणि पांदण रस्त्यावर किंवा शेतात रिकामे करताना वर पाहा. उचललेल्या डाल्याचे टोक १८-२० फुटांवर जाते आणि कृषिपंपांच्या लाइनीची तार कित्येक ठिकाणी तेवढीच लोंबलेली असते. काळ्या मातीत एका बाजूची चाके रुतली तर डाला वर असतानाच गाडी कलते, म्हणून बरड, सपाट जागा पाहूनच लिव्हर ओढायचा. तार लागलीच तर ड्रायव्हरने केबिनमध्येच बसून डाला खाली घ्यावा. गाडी पेटली आणि उतरणे भागच पडले तर दोन्ही पाय जोडून लांब उडी मारावी. गाडी आणि जमीन एकाच वेळी अंगाला लागता कामा नये, आणि पुढे चालतानाही पाय न उचलता, जवळजवळ ठेवून सरकत जावे.