तुम्ही विचारलंत म्हणून: जुनंच किट का?

घरी आलेला माणूस काचेच्या कपाटासमोर उभा राहतो, प्लॅस्टिकचे भाग जोडून मी केलेली छोटी विमानं बघतो, आणि थोडा जाणकार असला तर हे विचारतोच. "ताई, आता काय सुंदर किटं येतात! भाग चपखल बसतात, पत्र्याच्या जोडांच्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. मग साठ-साठ वर्षांपूर्वीच्या साच्यातली ही वेडीवाकडी किटं तुम्ही शोधून शोधून का आणता?" २६ सप्टेंबर २०२५ला हवाई दलानं चंडीगडला मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला, त्यानंतर तर हा प्रश्न फारच वेळा आला, कारण माझ्या कपाटात मिगच जास्त आहेत. आजवर "आवड आहे" म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही एवढं मनापासून विचारलंत म्हणून यावेळी नीट सांगते.

माझे वडील, नाना, मिगमध्ये होते. नाशिककडच्या माणसाला एवढं पुरतं. ओझरच्या एचएएलच्या, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या, विमान कारखान्याला आमच्याकडे कुणी पूर्ण नावानं बोलावत नाही. 'मिगला लागला', 'मिगमधून रिटायर झाला' असंच म्हणतात. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ऐंशीच्या दशकापर्यंत तिथं साडेसहाशेच्या वर मिग-२१ तयार झाले. आधी एफएल, मग एम, मग बिस, असे त्याचे प्रकार. इंजिनं ओरिसातल्या कोरापुटहून यायची आणि सांगाडा ओझरला उभा राहायचा. नाना रिव्हेटिंगवर होते, म्हणजे पत्रे धातूच्या खिळ्यांनी जोडायच्या कामावर.

मी नववीत असताना आत्याच्या यजमानांनी, ते बोटीवर होते, मला एक किट आणून दिलं. १/७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तर पट लहान मिग-२१. खऱ्या विमानाचा पंखांचा पसारा सव्वासात मीटरच्या आतच, त्यामुळे हे जेमतेम दहा सेंटीमीटरचं. चंदेरी प्लॅस्टिक, खोक्यावर आग ओकणारं चित्र. मी हरखून गेले होते. नाना पहिली पाळी करून आले, हातपाय धुतले आणि धडाचा अर्धा भाग उचलून त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. चेहरा एकदम बदलला.

"हे काय गं? रिव्हेट नखाला लागतायत."

मला कळेचना. प्लॅस्टिकवर ओळीनं बारीक पुटकुळ्या होत्या आणि मला त्याच फार आवडल्या होत्या. नानांनी समजावलं. खऱ्या विमानात रिव्हेटचं डोकं पत्र्यात बसवलेलं असतं, वर येत नाही. वर आलं की हवा अडते, आणि हे विमान आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणारं. जोडणी झाली की ते स्वतः आधी नखानं बघायचे आणि मग इन्स्पेक्शनवाल्याला हाक मारायचे. "नखाला लागलं तर मी पुढं जाऊच देत नव्हतो," म्हणाले. त्या पुटकुळ्या साधारण ०.३ मिलीमीटरच्या असतील. बहात्तरनं गुणा, दोन सेंटीमीटर होतात. म्हणजे आताच्या रुपयाच्या नाण्याएवढं डोकं असलेला रिव्हेट, आणि असे शेकडो.

त्या रात्री आम्ही दोघं वॉटर पेपर घेऊन बसलो. पाण्यात बुडवायचा, हलक्या हातानं घासायचा, पुसायचं, नख फिरवायचं. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच आहे.

उरलेलं निम्मं किटाच्या चुकांमध्ये आहे. पन्नास-साठच्या दशकात मिग-२१ हे पश्चिमेला दुरून दिसलेलं विमान होतं. १९५६ साली मॉस्कोजवळच्या तुशिनोच्या प्रदर्शनात त्याचा नमुना उडाला, फोटो निघाले. पण हाताशी धरून मापं घेता येईल असं मिग त्यांना मिळालं ते ऑगस्ट १९६६मध्ये, मुनीर रेदफा हा इराकी वैमानिक ते घेऊन इस्रायलमध्ये उतरला तेव्हा. त्याच्या आधी ज्यांनी साचे कोरले, त्यांनी अंधूक फोटोंवरून एका न पाहिलेल्या विमानाचा अंदाज बांधला. कुठं नाक जाड झालं, कुठं शेपटी आखूड. मला त्या साचे करणाऱ्यांबद्दल आदरच वाटतो. आणि गंमत बघा, ज्या काळात ते तिकडं फोटोवरून मापं काढत होते, त्याच काळात इकडं ओझरला हे विमान बांधायचा कारखाना उभा राहत होता, आणि थोड्याच वर्षांत माझे वडील रोज त्याच्या पोटाखाली आडवे होऊन काम करणार होते.

नव्या किटात हे सगळे प्रश्न कुणीतरी आधीच सोडवलेले असतात. मी फक्त चिकटवायचं. जुन्या किटात प्रत्येक भाग मला विचारतो, की खरं कसं होतं? मग मला उठून नानांकडे जावं लागतं. मला जावंसं वाटतं. आणि नव्या किटांच्या बिनचूकपणाचं म्हणाल, तर त्यातली ०.२ मिलीमीटरची कोरीव रेघसुद्धा खऱ्या विमानावर दीड सेंटीमीटरची फट होईल, त्यात करंगळी जाईल. छोट्या आकारात काहीतरी खोटं करावंच लागतं. ते कुठं आणि किती करायचं, हे मला ठरवायला आवडतं.

आत्ता टेबलावर आहे ते जुन्या बाजारात मिळालेलं किट. एक चाक हरवलेलं, डेकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची चित्रं, पिवळी पडलेली. मी त्याचं एफएल करते आहे. नाकातल्या शंकूपासून सुरुवात केली, कारण मिग-२१ची ओळखच ती. आवाजापेक्षा जास्त वेगात आत घुसणारी हवा इंजिनापर्यंत जाण्याआधी मंदावावी लागते, ते काम हा शंकू करतो, आणि वेग बदलेल तसा पुढं-मागं सरकतो. रडारही त्यातच. किटातला शंकू लाडवासारखा गोल होता. तो ड्रिलच्या तोंडात पकडून फिरवला आणि वॉटर पेपरनं निमुळता केला. आतल्या पोकळीत गळाला लावायचं शिसं भरलं, नाहीतर विमान शेपटीवर बसतं.

धडाचे दोन भाग जोडले तेव्हा पाठीवर जवळजवळ अर्ध्या मिलीमीटरची पायरी आली. गाड्या रंगवणारे वापरतात ती एनसी पुट्टी भरली, दोन दिवस वाळू दिली, घासली, पुन्हा भरली. तीनदा. घासताना उठावाच्या रेघाही गेल्या. त्या परत कोरायच्या म्हणून नानांना विचारलं. त्यांच्या हाताला आता कंप आहे, तरी पेन्सिल मागून घेतली आणि धडाभोवती एक पूर्ण वेढा काढला. "इथून मागचं अख्खं निघतं. इंजिन काढायचं तर शेपटीचा भाग मागं ओढतात." किटात ती रेघ अर्धवटच होती. मी जाड टेपची पट्टी लावून, पिन-व्हाइसमध्ये, म्हणजे छोट्या हातपकडीत, सुई धरून ती कोरली. सुई हलकी धरायची, दहा वेळा फिरवायची. एकदाच जोर दिला की सुटते आणि भलतीकडं ओरखडा जातो.

रंग मी दसऱ्यानंतरच काढते. पावसाळ्यातल्या दमट हवेत लॅकर पांढरट पडतं. बाथरूमची फरशी ओली करायची म्हणजे धूळ उडत नाही, आणि मग एअरब्रश. आधी सगळं विमान चकचकीत काळं केलं. बघणाऱ्याला धक्का बसतो, पण ॲल्युमिनियमच्या रंगाला धातूची झळाळी त्या काळ्यानंच येते. वरचा थर इतका पातळ द्यायचा की पहिल्या दोन फेऱ्यांत काही दिसूच नये. मग काही चौकोन टेपनं झाकून उरलेल्यांवर किंचित गडद छटा, कारण सगळा पत्रा एकसारखा चमकत नाही, आणि शेपटीकडं इंजिनाच्या धगीनं काळवंडलेला भाग. १९७१च्या युद्धाच्या सुमारास बऱ्याच विमानांवर हिरवा रंग चढला. तेही सुंदर दिसतं, पण मला उघड्या धातूचंच हवं होतं. नानांच्या नखाखाली तोच पत्रा होता.

शेपटीच्या टोकाचा हिरवा मात्र जमत नव्हता. नानांना तीन मिश्रणं दाखवली, तिन्हींना मान हलवली. चौथ्या दिवशी अंगणातून कडुलिंबाचं एक जून पान आणून माझ्या टेबलावर ठेवलं. कॅम्लिनच्या ॲक्रिलिकमध्ये तेवढा काळा मिसळला आणि जमला.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुढं वर्तमानपत्रांत या विमानाला 'उडती शवपेटी' म्हणायला लागले. अपघात खूप झाले, कितीतरी तरुण वैमानिक गेले, त्या घरांचं दुःख मोठं आहे आणि त्यापुढं आमचं काही नाही. पण अपघाताची बातमी आली की नाना जेवत नसत. कुठल्या प्रकारचं होतं, किती साली बनलेलं, एवढंच विचारत. त्यांचं त्यावर कुणाशी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. निरोपाचा समारंभ टीव्हीवर लागला तेव्हा ते सगळा वेळ उभे होते. खुर्ची सरकवली तरी बसले नाहीत.

डेकल्स पंधरा दिवस खिडकीच्या काचेला लावून ठेवली, उन्हानं पिवळेपणा उतरला. पाण्यात तुकडे होऊ नयेत म्हणून आधी वरून क्लिअर लॅकरचा हात दिला, तरी हवाई दलाच्या तिरंगी खुणेचा एक गोल फुटलाच. त्याची केशरी कड मी ब्रशनं भरून काढली. हरवलेलं चाक शर्टाच्या बटणापासून घासून केलं आणि त्याची चकती हिरवी रंगवली.

आता नाकावरचा क्रमांक तेवढा राहिला आहे. एफएलचे क्रमांक 'सी' अक्षरानं सुरू व्हायचे. कुठला घालू, म्हणून नानांना विचारून आज तीन आठवडे झाले. "थांब, आठवतो," म्हणतात, मग जुन्या डायऱ्या काढून बसतात. 'सी' मी लिहिलाय आणि पुढची जागा मोकळी ठेवली आहे.