पंखा बसवला, पण हवा जाणार कुठून?

संगणकाच्या कॅबिनेटमधला किंवा कारखान्यातल्या इलेक्ट्रिकल पॅनलमधला पंखा हवा थंड करत नाही, ती नुसती हलवतो. त्यामुळे आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कधीच खाली जाऊ शकत नाही. अकोल्या-नागपूरकडे मे महिन्यात खोलीतच ४२ अंश तापमान असेल, तर कितीही महागडा पंखा लावला तरी हिशोब तिथूनच सुरू होतो.

हा हिशोब तसा सोपा आहे. आत निर्माण होणारी उष्णता वॅटमध्ये घ्यावी, तापमानात जेवढी वाढ चालणार असेल तेवढ्या अंशांनी तिला भागावे आणि १.७६ ने गुणावे, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते कळते. ३०० वॅटचा संगणक आणि १० अंशांची वाढ धरली, तर उत्तर सुमारे ५३ घनफूट येते, आणि १२० मिलिमीटरचा एक बरा पंखा कागदावर तेवढे काम करतो. अडचण अशी की खोक्यावर छापलेला आकडा पंख्यापुढे काहीही अडथळा नसतानाचा असतो. जाळी, फिल्टर, केबलचा गुंता आणि हीटसिंकचे (उष्णता ओढून हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाचे) दाट पत्रे यांच्यातून वाट काढताना तो बराच घसरतो, म्हणून मी प्रवाहाइतकाच स्थिर दाबाचा, म्हणजे अडथळ्यातूनही हवा ढकलण्याच्या ताकदीचा, आकडाही पाहतो. दर्शनी बाजूला अखंड काच, आत रंगीत दिव्यांचे तीन पंखे आणि हवेसाठी कडेला बोटभर फट, अशी कॅबिनेटे सध्या फार खपतात. त्यांतले पंखे शोभेचेच म्हणायचे.

एकाच पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण दाब चौथाईवर आणि लागणारी वीज आठव्या हिश्श्यावर येते, शिवाय आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. छोटा पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठे पंखे सावकाश फिरवणे शहाणपणाचे ठरते ते यामुळेच. बसवताना दिशा मात्र तपासावी: ज्या बाजूला स्टिकर आणि मोटरला धरून ठेवणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

पॅनलची गोष्ट अधिक गंभीर आहे. तिथे बहुधा २३० व्होल्ट एसीवर चालणारा, ३८ मिलिमीटर जाडीचा पंखा असतो, दाराच्या खालच्या भागात फिल्टर आणि वर गरम हवेला वाट. विदर्भातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, हवेत रुईचे तंतू सतत तरंगत असतात आणि हंगामात ते फिल्टरवर साचून गादीसारखा थर तयार होतो. पंखा फिरत असतो, त्याचा आवाजही येत असतो, पण हात लावून पाहिले तर हवा जवळपास नसते. मग ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) तापून ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि त्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे पॅनलचे दार सताड उघडून समोर स्टँडचा पंखा लावणे. याला माझा ठाम विरोध आहे. तापमान तेवढ्यापुरते उतरते खरे, पण तीच तंतुमिश्रित हवा गाळल्याविना थेट कॉन्टॅक्टर (वीजपुरवठा चालू-बंद करणारे स्विच) आणि सर्किट बोर्डांवर बसते, आणि उघड्या बसबारसमोरून (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांसमोरून) माणसे ये-जा करत राहतात. पॅनल तसेच तापू देणेही परवडत नाही, कारण सर्किटमध्ये वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे.

त्यामुळे हंगामात फिल्टरचा जादा संच धुऊन, पूर्ण वाळवून हाताशी ठेवावा. संगणक असो वा पॅनल, ब्लोअरने धूळ उडवायची ती वीजपुरवठा तोडूनच, आणि तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळी सोडल्यास ती मर्यादेपलीकडच्या वेगाने फिरतात आणि बेअरिंगला मार बसतो. घरघर सुरू झालेला पंखा तेल सोडून आणखी थोडे दिवस चालवण्यापेक्षा बदललेला बरा, मात्र नवा आणण्यापूर्वी जुन्याच्या स्टिकरवरचे व्होल्टेज वाचावे, कारण २४ व्होल्ट डीसीचा आणि २३० व्होल्ट एसीचा पंखा बाहेरून अगदी सारखे दिसू शकतात.