सुभेदार मामांची सफरचंदं

अथणी भागातल्या द्राक्षबागांना सल्ला देणं हे माझं रोजचं काम. खानापूर तालुक्यात क्वचितच जाणं होतं. तिकडं भात, ऊस, काजू. द्राक्षवाल्याला कोण बोलावणार? पण फेब्रुवारीत एका निवृत्त सुभेदारांचा फोन आला. "सफरचंदाला फुलंच येईनात ओ. झाडं डोक्यावर गेलीत. एकदा येऊन बघा की."

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. त्यामुळं आमच्याकडं गावोगावी माजी सैनिक आणि काश्मीर-हिमाचलात नोकरी केलेल्या बहुतेकांना तिथल्या बागांची भुरळ पडलेली. मामांनी ती प्रत्यक्षात उतरवली होती. 'कुठंही येतंय' असं सांगून कुणीतरी गळ्यात मारलेली सफरचंदाच्या डिलिशियस जातीची कलमं आणि कुंपणाला अक्रोडाची दोन झाडं.

बागेत शिरताच नजर पानांवर गेली. फेब्रुवारी आला तरी गेल्या पावसाळ्यातली जून, कडा करपलेली पानं फांद्यांना चिकटून होती. शेंड्याला चार कोवळ्या पानांचा झुबका आणि त्याखाली हात-दीड हात काडी नुसती उघडी. बांधावरचा आंबा मात्र मोहरानं लदलेला. मामांनी ओट्यावर बुरशीनाशकं आणि टॉनिकच्या बाटल्या परेडला उभ्या केल्यासारख्या मांडल्या होत्या. दुकानदारांनी बरीच कमाई केलेली दिसत होती.

मी कलमाचा चाकू काढून उघड्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे फूट निघायची जागा, उभा चिरला. आत हिरवागार, ओलसर. मेलेला डोळा तपकिरी आणि कोरडा निघतो. आणखी दोन चिरले, तेही तसेच.

"मामा, झाडाला रोग नाही. झोपलंय ते. जाग यायला थंडी लागते, ती मिळालेली नाही."

"थंडी नाही? जानेवारीत शेकोटी करून बसलोय की ओ आम्ही!"

आपली शेकोटीची थंडी झाडाच्या कामाची नाही. जुन्या हिशेबात ० ते ७.२ अंशांमध्ये गेलेले तास मोजतात. डिलिशियसला असे हजाराच्या आसपास लागतात, अक्रोडाच्या बऱ्याच जातींना ७०० च्या वर. बेळगावची पहाट कडाक्याच्या दिवसांत १३-१४ अंशांवर येते, लाट आलीच तर १० वर. म्हणजे जमा शून्य. इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मांडलेला नवा हिशेब जरा उदार आहे. तो १०-१२ अंशांची रात्रही थोडीफार जमेस धरतो. पण आमच्याकडं दुपारी पारा तिशीकडं जातो आणि रात्रीची बरीचशी कमाई पुसून टाकतो.

झाडाची ही खोड उगाच नाही. जानेवारीत चार दिवस ऊन पडलं म्हणून फुललं, तर पुढच्या बर्फात मोहर जळणार. म्हणून पुरेशी थंडी पदरात पडेपर्यंत ते डोळे उघडत नाही. मामांना हे पटकन पटलं. "बरोबर. काश्मीरात सोपोरला बघितलंय, एप्रिलमध्ये फुलतंय सगळं." मग लगेच पुढचा प्रश्न, "तुम्ही द्राक्षाला डोळे फुटायला काय ते लावता, ते लावूया की."

हायड्रोजन सायनामाइड. ऑक्टोबर छाटणीनंतर आम्ही ते डोळ्यांना लावतो, म्हणजे काडीवर फूट एकसारखी निघते. द्राक्षाची थंडीची भूकच मुळात थोडी, म्हणून तिथं भागतं. औषध थोडी तूट भरून काढेल. हजार तासांचं काम ते कसं करणार? शिवाय ते हाताळणाऱ्यानं आधी आणि नंतरही काही दिवस दारूला शिवायचं नाही. शरीराला दारू पचवता येत नाही. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते. हे सांगितल्यावर मामांची नजर कपाटातल्या कँटीनच्या बाटलीकडं गेली. "मग ऱ्हाऊ दे ते."

मी सुचवलं ते वेगळंच. खोडं तशीच ठेवून त्यांवर कमी थंडीच्या जातीची कलमं बांधायची. इस्रायलची ॲना, तिच्या परागासाठी बहामा बेटांवरची डॉर्सेट गोल्डन. किंवा हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी शोधलेली एचआरएमएन-९९. याच कामासाठी त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि इंडोनेशियात बातूचे शेतकरी करतात तसं, फळं उतरली की हातानं पानं ओरबाडायची, म्हणजे झाड गाढ झोपेत जातच नाही. घरच्यापुरती फळं मिळतील. खानापूरच्या पावसात विक्रीसाठी बाग करा, असं मात्र मी कुणालाच सांगणार नाही. पैसेच हवे असतील तर काजू लावा. त्याला असली थंडी लागत नाही.

मामांनी ॲनाला होकार दिला, पण अक्रोड काढायला साफ नकार. "राहू दे. जुन्या रायफलींचे दस्ते ह्याच लाकडाचे असायचे."

"आता रायफली करणार म्हणे," चहाचे कप उचलत मामी म्हणाल्या.