रंग पक्का, पण कशावर?

कापडाचा रंग धुण्यात, घासण्यात आणि उजेडात किती टिकतो हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. आमच्याकडे येणारे नमुने बहुधा कारखान्यांचे असतात आणि कापड कोणते, रंग कोणत्या वर्गातला, चाचणी कोणती हवी याची नोंद त्यांच्यासोबत असते. त्या दिवशी आलेल्या बाईंच्या पिशवीत मात्र तुकड्यांबरोबर कागदांचा एक गठ्ठा होता, आणि त्यांना कापडापेक्षा त्या कागदांचा निवाडा हवा होता.

बाई हौशी रंगारींच्या एका मोठ्या ऑनलाइन गटाचे काम पाहत. गटातल्या एका सदस्याने गडद लाल रंगात रंगवलेली सुती चादर ग्राहकाच्या घरी पहिल्याच धुण्यात इतर कपड्यांना रंग लावून मोकळी झाली होती. रंगवल्यावर चादर मिठाच्या आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवली होती, म्हणजे गटात सर्वाधिक दिला जाणारा सल्ला तंतोतंत पाळला होता. तरीही असे का झाले यावरून गटात चांगलीच जुंपली होती. बाईंनी रंग पक्का करण्याचे सगळे सल्ले छापून आणले होते आणि ज्याला दुजोरा देणारे जास्त तो वर, अशा क्रमाने लावले होते. “मॅडम, यातले खरे कुठले तेवढे सांगा, म्हणजे आम्ही ते नियम म्हणून लावून टाकू,” असे त्यांचे म्हणणे होते.

मी तो गठ्ठा आधी वेगळ्या रीतीने लावून घेतला. ज्या सल्ल्यात कापड कोणते, रंग कोणता, प्रमाण किती, पाणी किती गरम आणि नंतर कापड कसे धुतले हे सांगितले होते तो एका बाजूला, आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूला जेमतेम काही कागद राहिले. दुसऱ्या बाजूच्या बहुतेक कागदांवर सल्ला देणाऱ्याच्या अनुभवाची वर्षे ठळक होती आणि कापडाचा उल्लेखच नव्हता. नुसता ‘सोडा घाला’ असा सल्ला तर वापरताच येत नाही, कारण धुण्याच्या सोड्याने सुती कापडावर जे साधते ते खाण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणाने साधत नाही.

पहिल्या बाजूच्या कागदांत सर्वांत खालच्या क्रमांकाचा, म्हणजे कोणीही दुजोरा न दिलेला, एक सल्ला होता. लिहिणारा गटात नवखा होता आणि त्याची भाषा अगदी कोरडी होती: सुती कापडासाठी रिॲक्टिव्ह, म्हणजे सुताशी रासायनिक बंध जोडणारा रंग, आधी मीठ, शेवटी सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, काही तास तसेच ठेवणे, मग न चिकटलेला रंग निघेपर्यंत गरम पाण्यात धुणे, आणि खाली एक ओळ, की फिरोजी निळा आपल्याला अजून नीट साधत नाही, बराचसा धुऊन जातो. गटातल्या कोणीतरी त्याखाली, स्वतःलाच जमत नाही तो दुसऱ्यांना काय सांगणार, असा शेरा मारला होता. माझे लक्ष मात्र त्या ओळीनेच वेधून घेतले. फिरोजी निळ्याचा रेणू मोठा असतो आणि थंड पाण्यात तो सुताशी हळू जोडला जातो, म्हणून तो इतर छटांपेक्षा जास्त वाया जातो, हे या कामातल्या माणसांना ठाऊक असते. त्या नवख्याला कारण ठाऊक नसेलही, पण जिथे बिघडायला हवे नेमके तिथेच त्याचे बिघडले होते आणि त्याने ते लपवले नव्हते.

तरीही कागदावरून निकाल देणे बरे नव्हे. चादरीचा एक कोपरा, नवख्याने पाठवलेला लाल सुती तुकडा आणि गटातल्या सर्वांत जुन्या, सर्वांना आदरणीय असलेल्या आजींनी मीठ-व्हिनेगरचा पुरावा म्हणून पाठवलेला लाल तुकडा, असे तीन नमुने मी धुण्याच्या चाचणीला लावले. आयएसओ १०५ या मानकातली ही नेहमीची चाचणी आहे: ४० अंश सेल्सिअस, ३० मिनिटे, डिटर्जंटचे द्रावण आणि डब्यात १० पोलादी गोळ्या. प्रत्येक नमुन्याला एक पांढरी पट्टी शिवतात. तिच्यात सूत, लोकर, नायलॉन, पॉलिएस्टर असे सहा तंतूंचे पट्टे शेजारी शेजारी विणलेले असतात, त्यामुळे सुटलेला रंग कोणत्या तंतूला जाऊन लागला हे दिसते. डाग किती पडला याची प्रतवारी करड्या रंगाच्या मोजपट्टीशी ताडून १ ते ५ अशी देतात. ५ म्हणजे डाग नाही.

यंत्र फिरत असताना मी बाईंना आणखी एक गोष्ट दाखवली. चादरीची एक चिंधी दाट मिठाच्या पाण्यात सोडली आणि थोडी हलवली. पाणी जवळजवळ स्वच्छ राहिले. “बघा, थांबला ना रंग!” बाई म्हणाल्या. मग तीच चिंधी मी साध्या कोमट पाण्याच्या चंचुपात्रात टाकली, तशी तिच्या कडेने गुलाबी धारा खाली उतरू लागल्या आणि थोड्याच वेळात पाणी लालसर झाले. मिठामुळे रंग सुताला बांधला जात नाही. खारट पाण्यात त्याला विरघळायला नको असते, म्हणून तो तेवढ्यापुरता कापडात थांबतो. हा प्रयोग घरी करणारा माणूस मिठाच्या पाण्यापर्यंतच बघतो आणि मनापासून सांगतो की माझा रंग थांबला. त्याशिवाय सैल रंगाचा मोठा भाग पहिल्या दोन-चार धुण्यांत तसाही निघून जातो, मग त्याचे श्रेय व्हिनेगरला मिळते. त्याच कापडाचा एक तुकडा नुसत्या पाण्यात धुऊन शेजारी ठेवणारा त्या गठ्ठ्यात एकही नव्हता. खोटे कोणीच बोलत नव्हते, हे बाईंना पटवून देणे मला महत्त्वाचे वाटले, कारण त्या एव्हाना मीठवाल्यांवर चिडू लागल्या होत्या.

डबे उघडले तेव्हा चादरीच्या पट्टीवर सुताचा पट्टा गुलाबी आणि नायलॉनचा त्याहून गडद झाला होता, प्रतवारी २. नवख्याचा तुकडा ४-५. आजींचा तुकडाही ४-५, पट्टीवर डाग जेमतेम दिसेल एवढाच. “मग त्यांचेही बरोबरच की,” बाई म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेची भावना स्पष्ट दिसली.

आजींच्या तुकड्याची चमक मला सकाळपासून खटकत होती. मी त्यातला एक धागा ओढून चिमट्यात धरला आणि ज्योतीजवळ नेला. सूत कागदासारखे भुरकन जळते आणि मऊ करडी राख ठेवते. हा धागा आकसला, केस जळाल्यासारखा वास आला आणि टोकाला काळा मणी उरला, जो बोटाने दाबताच चुरगळला. ते रेशीम होते. रेशमावर आणि लोकरीवर ॲसिड रंग वापरतात, आणि ते बसायला रंगाच्या गरम पाण्यात आम्ल लागतेच. तिथे व्हिनेगरचे काम खरोखर असते. बाईंनी गठ्ठा पुन्हा चाळला, तेव्हा आजींचा सर्वांत जुना मजकूर सापडला. त्यात रेशीम असे स्वच्छ लिहिले होते, रंगाच्याच भांड्यात व्हिनेगर घालून मंद तापवायचे, हेही लिहिले होते. पुढे ज्यांनी ज्यांनी तो सल्ला पुढे दिला त्यांच्या हातून आधी रेशीम गळले, मग तापवणे गळले, आणि शेवटी कोणत्याही कापडाला मीठ-व्हिनेगरात भिजवा एवढेच उरले. वरच्या क्रमांकाच्या सल्ल्याचे ते सगळे साक्षीदार शब्दाशब्दाने एकसारखे बोलत होते, कारण मुळात साक्षीदार एकच होता.

मीठ कुठून आले याचा उलगडा चादरीच्या रंगाच्या पाकिटाने केला. ‘सर्व कापडांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पाकिटात डायरेक्ट, म्हणजे सुताला रासायनिक बंधाविना नुसते धरून राहणारे, आणि ॲसिड असे दोन्ही वर्गांचे रंग मिसळलेले असतात. सूचना अशी असते की सुती कापड असेल तर रंगाच्या पाण्यात मीठ घाला, लोकर किंवा नायलॉन असेल तर व्हिनेगर. सुतावर यातला डायरेक्ट रंग तेवढा बसतो, तोही सैलसर, आणि ॲसिड रंग जवळपास सगळा धुऊन जातो. पट्टीवरचे नायलॉन सुतापेक्षा गडद का झाले हेही त्यावरून समजते.

चादरीचे काय करायचे, हा प्रश्न उरला. डायरेक्ट रंगाला नंतरून आवळण्यासाठी धनभारित फिक्सर, म्हणजे रंगाला कापडात धरून ठेवणारे रसायन, मिळतो. कोपऱ्याचा आणखी एक तुकडा तो लावून पुन्हा चाचणीला घातला, तेव्हा प्रतवारी ३-४ आली. चादर वेगळी, थंड पाण्यात धुवायची अट घालून परत द्यावी, असे मी सुचवले. फिक्सरमुळे काही रंग उजेडात लवकर विटतात, म्हणून ती खिडकीशी वापरायची असेल तर उजेडाची चाचणी आधी करावी, असेही लिहून दिले. ती चाचणी निळ्या लोकरीच्या १ ते ८ या मापाशी ताडून होते आणि तिला दिवसाच्या कामात उरकता येत नाही. गठ्ठ्यातले हळद आणि बीट यांच्याविषयीचे सल्ले मी त्याच कारणाने बाजूला काढून ठेवले. हळद उन्हात टिकत नाही हे मला माहीत आहे, पण ज्यांनी ते सल्ले दिले त्यांना तुकडा दाखवल्याशिवाय पटणार नाही हेही माहीत आहे.

निघताना बाईंशी थोडा वाद झालाच. प्रत्येक सल्ल्यापुढे दुजोरा देणाऱ्यांचा आकडा ठेवायचाच, नाहीतर लोक वाचणार नाहीत, यावर त्या ठाम होत्या. मी तो आकडा काढून टाकायला सांगत होते. अखेर आकडा राहिला; त्याच्या आधी कापड, रंगाचा वर्ग, किती धुण्यांनंतर पाहिले आणि न धुतलेला किंवा साध्या पाण्यात धुतलेला तुकडा शेजारी ठेवला होता का, असे चार रकाने आले, आणि हे चारही भरल्याशिवाय आकडा लावायचा नाही असे ठरले. आजींचा सल्ला रेशमाखाली त्यांच्या मूळ शब्दांत गेला. नवख्याला फिरोजी निळ्यासाठी पाणी जास्त गरम ठेवून बघायला सांगा, असा निरोप मी बाईंजवळ दिला.