घाटावरची गाडी

"गाडी कोल्हापूरसून हाडलंस? मगे पंक्चर काढूक पण थंयच जातलंस?"

पहिल्या आठवड्यात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी शेवटी मी "होय, रातराणीने जातो" असं उत्तर द्यायला लागलो. विचारणाऱ्यांचं चुकत नव्हतं. देवगडात माणूस मोटारसायकल घेतो ती दोन गोष्टी बघून. तिचं शोरूम तालुक्यात, फार तर कणकवलीत आहे ना, आणि ती उघडली तर परत जोडणारा गॅरेजवाला जामसंड्यात आहे ना. रंग, सीसी, आवाज हे सगळं नंतर. मी नेमकी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. मला आधी आवाज आवडला.

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडं रडगाणं आहे आणि फुकटची बदनामी नको. आमच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो आता जगात कुठेही पोचतो. पण जगातली प्रत्येक गोष्ट आमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. कंपनीच्या साइटवर देवगडचा पिनकोड टाकला तर "आपल्या जवळचे विक्रेते" म्हणून कोल्हापूर आलं. नकाशावर पट्टी ठेवली तर ते शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण पट्टीला फोंडाघाट चढावा लागत नाही. रस्त्याने ते दीडशेच्या आसपास जातं, आणि एसटीने गेलात तर अर्धा दिवस.

दहा मिनिटांच्या टेस्ट राइडसाठी मी तो अर्धा दिवस जाताना आणि अर्धा येताना घालवला. त्या दहा मिनिटांतली सात कोल्हापूरच्या एका सिग्नलवर गेली. तरी परत येताना दाजीपूरच्या झाडीत खिडकीशी बसून मी मनातल्या मनात गिअर बदलत होतो. शेजारच्या आजींनी दोनदा पाय आवरून घेतला.

बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या तरुणपणी स्कूटर म्हणजे बजाज चेतक. ती 1972 साली बाजारात आली आणि पुढची कितीतरी वर्षं नंबर लावून थांबावं लागे. कुणी पाच वर्षं थांबलं, कुणी दहा. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर लवकर मिळे, म्हणून बोटीवर असलेल्या मेव्हण्याला घरात जावयापेक्षा जास्त मान होता. बाबांनी नंबर लावला तेव्हा आमचा तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, माझा जन्म झाला, मी चालायला लागलो, आणि मग स्कूटर आली. "जिल्हो बदललो, पण माझो नंबर काय येय नाय होतो," असं ते अजून सांगतात. त्यांच्या हिशेबी दीडशे किलोमीटर म्हणजे काहीच नाही. एका दिवसात जाऊन परत येतो तो प्रवास लांबचा कसा?

पैसे भरले. भाचा कोल्हापुरात इंजिनीअरिंगला आहे, तो माझा तिथला वकील. गाडी गोदामातून आली तेव्हा त्याने व्हिडिओ कॉल लावून मला प्लॅस्टिक न काढलेली सीट दाखवली, टाकी टिचकी मारून ऐकवली, चेसिस नंबर मोठ्याने वाचला. वाङ्निश्चयाआधी मुलीकडच्यांनी फोनवर मुलगा बघावा तसं ते चाललं होतं.

मग नंबरचा प्रश्न आला. शोरूमवाला म्हणाला, "सर, एमएच-09 घ्या की. इथलाच पत्ता लावा, निवांत काम." भाच्याची खोली आहेच, तिचा भाडेकरार लावू म्हणाला. मी नको म्हटलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं. देवगडात 09 म्हणजे पाहुणा. ख्रिसमसच्या सुटीत कुणकेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर 09, 12, 14 यांची जी रांग लागते, तिच्याकडे आम्ही ज्या नजरेने बघतो ती मला ठाऊक आहे. माझ्याच गावात मला कुणी पार्किंगची पावती फाडली असती. मला 07 हवा होता. म्हणजे तात्पुरत्या नंबरावर गाडी न्यायची आणि ओरोसच्या आरटीओत रीतसर नोंद करायची.

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी पहाटेची एसटी धरली. गाडी दहाला मिळणार होती, ती दीडला मिळाली. साडेअकरापर्यंत विम्याचा कागद छापून निघत नव्हता. नव्या दुचाकीला 2018 पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळे तो कागद मला पुढच्या पाच वर्षांइतका लांब वाटायला लागला. मग हार आणायला गेलेला मुलगा हरवला. मग साहेब जेवायला गेले. शेवटी पुठ्ठ्याची दोन हात लांब किल्ली माझ्या हातात देऊन फोटो काढला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि टाकीत जेमतेम पंपापर्यंत पोचेल एवढं पेट्रोल घालून मला रस्त्यावर सोडलं.

सोडताना तिथला मेकॅनिक जवळ आला. दिवसभरात तेवढा एकच माणूस गाडीबद्दल बोलला. "सायेब, पाचशेपर्यंत पिळायची न्हाई. पन्नास, फार तर पंचावन्न. आणि एकाच स्पीडला बी ठेवायची न्हाई, कमी-जास्त करत ऱ्हावा." त्याचं खरं होतं. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत अजून एकमेकांना परक्या असतात. पहिले काही शे किलोमीटर त्या घासून घासून जुळवून घेतात, त्या घासण्यातला धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो, म्हणून पहिलं ऑइल लवकर काढून टाकायचं. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत, ब्रेकचे पॅड न घासलेले. म्हणजे घाट उतरायला सर्वांत वाईट गाडी कुठली, तर शोरूममधून नुकतीच काढलेली. आणि माझ्या घराच्या वाटेत घाटच घाट.

भाच्याला मागे बसवून अंबाबाईला नारळ दिला, तांबड्या-पांढऱ्याचं जेवण झालं, त्याला कॉलेजच्या फाटकावर सोडलं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. "मामा, आज राहा इथेच," तो म्हणाला. नवी गाडी अंधारात भाच्याच्या खोलीबाहेर उभी करून मला झोप लागली असती असं त्याला वाटलं, कारण तो विशीत आहे.

पन्नासच्या वेगाने महाराष्ट्र फार वेगळा दिसतो. मला सायकलवाल्यांखेरीज सगळ्यांनी मागे टाकलं. दुधाच्या किटल्या लावलेल्या जुन्या मोटारसायकलने टाकलं. तिघं बसलेल्या स्कूटरने टाकलं, आणि मधल्याने मागे वळून माझी गाडी निरखून बघितली. एवढी दणकट गाडी आणि हा असा का चाललाय, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की रनिंग-इन आहे, रनिंग-इन! हळदी, परिते ओलांडलं आणि उसाच्या ट्रॅक्टरने माझी लाज राखली. हंगाम भरात होता. दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर आभाळाला टेकलेला ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर कर्कश स्पीकर. एरवी अशा ट्रॉलीमागे मी दात-ओठ खातो. त्या दिवशी अर्धा तास तिच्यामागे समाधानाने चाललो. आता सावकाश जायला कारण होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

राधानगरीला चहा घेतला. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण. पावसाळ्यात त्याचे सात स्वयंचलित दरवाजे किती उघडले याची बातमी आम्ही घाटाखालची माणसंही उगाच वाचतो, ते पाणी आमच्याकडे येत नसलं तरी. चहावाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली, हाराला हात लावला आणि म्हणाला, "अंधाराच्या आत उतरा. गवे येत्यात रस्त्यावर."

ते माहीत होतं. दाजीपूरचं अभयारण्य गव्यांसाठीच 1958 साली जाहीर झालं. पाट्याही आहेत. पण पाटी बघणं वेगळं. उजेड पिवळा पडत आला होता, एका वळणानंतर रस्त्याच्या कडेला मला मातीचा ढिगारा वाटला, आणि ढिगाऱ्याने मान वळवली. मी थांबलो. इंजिन बंद केलं. ज्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप केला तो मी पहिल्यांदा स्वतःहून बंद केला, आणि मग इंजिनाच्या गरम लोखंडाची टिकटिक तेवढी ऐकू येत राहिली. गवा काळाभोर, पायांत गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग झेंडूच्या हाराकडे बघितलं. हाराकडे तो जास्त वेळ बघत होता. पाच वर्षांच्या विम्यात गव्याने हार खाल्ला तर काय, हे मी विचारलं नव्हतं. मग तो कंटाळल्यासारखा झाडीत उतरला. त्याच्यामागून आणखी दोघे गेले, ते इतका वेळ तिथेच उभे होते आणि मला दिसलेच नव्हते.

घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. खाली फोंड्याच्या बाजारात आलो तेव्हा हवा बदलली. अंगाला चिकटणारी, ओळखीची. नांदगाव तिठ्याला मुंबई-गोवा रस्ता ओलांडला, शिरगाव मागे पडलं. घरी पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते आणि खळ्यात वाडीतली दहा-बारा माणसं बसली होती. जेवण सोडून.

शेजारच्या आबांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा कुणकेश्वरा! आज ह्या लेकरान घाटावरसून नवी गाडी हाडल्यान आसा. तिका खंय ठोकर लागा नये, बाधा लागा नये, बारा वाटांतसून फिरान सुखरूप घराक येव दी रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आबा थांबले नाहीत. "आणि पार्ट खंय गावले नाय तर तुया बघ रे म्हाराजा!" याला सगळ्यांत मोठं "व्हय म्हाराजा" मिळालं. आई हसता हसता निरांजन विझवून बसली.

पुढचा हिशेब असा. पहिलं सर्व्हिसिंग पाचशे किलोमीटरला, कोल्हापुरात. त्यातले दीडशे गाडी आणण्यात गेले. ओरोसला नोंदणीचे कागद द्यायला गेलो तो गाडीवरूनच; नवी गाडी दारात असताना एसटीने कोण जाईल? तिथे जाऊन-येऊन एकशे चाळीस. कोल्हापूरला परत न्यायला दीडशे. म्हणजे ज्या पाचशेत गाडी आणि मी एकमेकांना जुळवून घ्यायचं, त्यातले साठ माझ्या वाट्याला आले. उरलेली सगळी गाडी गाडीच्याच कामासाठी चालली. ते साठसुद्धा मी "उगाच किलोमीटर वाढतील" म्हणून काटकसरीने वापरले. मासळी आणायला जुनी स्कूटर नेली. बायको म्हणाली, "गाडी घेतलीत की देवघरात मूर्ती बसवलीत?"

सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा नंबर प्लेटही तिथेच बसवून घेतली. एमएच-07. मेकॅनिकने ऑइल काढलं, थोडं बोटावर घेऊन उन्हात धरलं, आतला चमचमणारा चुरा मला दाखवला आणि म्हणाला, "पिळली न्हाई. बरं केलंसा." शाळेत प्रगतिपुस्तकावर असा शेरा मला कधी मिळाला नव्हता.

पंक्चर आजवर झालेलं नाही. झालं ते दुसरंच. जानेवारीत एका दुपारी खळ्यात उभी असलेली गाडी, काहीही कारण नसताना, चिऱ्याच्या गडग्यावर कलंडली. शेणाने सारवलेल्या जमिनीत स्टँड रुतला होता. डावा आरसा गेला. गॅरेजवाल्याने तुकडे हातात घेऊन बघितले, परत दिले, आणि शांतपणे म्हणाला, "घाटावर सांग." त्या एका वाक्यासाठी तो महिनाभर थांबला असावा.

कोल्हापूरला फोन केला. आरसा होता. कुरिअरने चार-पाच दिवस लागतील म्हणाले. भाच्याने मधला मार्ग काढला: आरसा घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला, बसस्थानकावर जाऊन देवगड गाडीच्या कंडक्टरच्या हातापाया पडला आणि मला फोटो पाठवला. फोटोत पुडकं, कंडक्टरचा हात आणि गाडीची पाटी एवढंच होतं.

संध्याकाळी मी देवगड स्टँडवर उभा होतो. एकटा नव्हतो. एकाचं औषध यायचं होतं, एकाची पंपाची मोटर बांधून यायची होती, एका मुलीच्या लग्नातल्या चपला यायच्या होत्या. कोण कशासाठी आलंय हे सगळ्यांनी एकमेकांना सांगून झालं होतं. गाडी पाऊण तास उशिरा आली. माणसं उतरली, पिशव्या उतरल्या, आणि सगळ्यांत शेवटी कंडक्टर दारात उभा राहिला. कागद वाटेत फाटला होता. त्याने आरसा काखेतून काढला, त्यात बघून आधी आपले केस सारखे केले आणि ओरडला, "आरसो कोणाचो?"