राउटरची नोंदवही

गेल्या महिन्यात घरच्या राउटरवर मी एक नियम लिहिला. बाहेरून आपणहून आलेले आणि नाकारले गेलेले प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, नोंदवून ठेवायचे, एवढेच त्याचे काम होते. रात्री नोंद सुरू केली आणि सकाळी पाहिले तर ओळींमागून ओळी भरल्या होत्या. त्यांतले बरेचसे प्रयत्न पोर्ट २३ वर, म्हणजे दुरून यंत्र चालवण्याच्या टेलनेट या जुन्या सोयीसाठी पूर्वापार ठरलेल्या पोर्टवर झालेले होते. पोर्ट म्हणजे यंत्राचे क्रमांक दिलेले दारच. आमच्या घराशी कोणाचे वैर नाही. इंटरनेटवरचा प्रत्येक सार्वजनिक पत्ता असाच दिवसरात्र चाचपला जात असतो.

हे प्रयत्न परतवले कोणी, असे विचारले की बहुतेक जाणकार ‘नॅट’चे नाव घेतात, आणि ते उत्तर मला अपुरे वाटते. आयपी या इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीतला पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे जगात असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच असू शकतात. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे बसवण्याची नॅट ही युक्ती १९९४ साली मांडली गेली. तिचा हेतू पत्त्यांची काटकसर हा होता. संरक्षण हा तिचा केवळ आनुषंगिक लाभ आहे.

समजा, १९२.१६८.१.५ हा खासगी पत्ता असलेला लॅपटॉप आपल्या ५१००० या पोर्टवरून बँकेच्या सर्व्हरच्या ४४३ या पोर्टशी बोलू लागला. राउटर त्या पॅकेटवरचा खासगी पत्ता पुसून तेथे आपला सार्वजनिक पत्ता घालतो, गरज पडल्यास पोर्टही बदलतो, आणि ही अदलाबदल आपल्या तक्त्यात लिहून ठेवतो. बँकेचे उत्तर आले की तो तक्ता पाहून ते नेमके त्या लॅपटॉपकडे पोचवतो. न मागता आलेल्या पॅकेटसाठी मात्र तक्त्यात ओळच नसते, त्यामुळे ते घरातल्या कोणाकडे द्यावे हे राउटरला कळत नाही.

खरा पहारा मात्र संभाषणांच्या नोंदवहीचा असतो. घरगुती राउटरांपैकी पुष्कळांत लिनक्स ही कार्यप्रणाली चालते आणि २००१ साली आलेल्या त्याच्या २.४ या आवृत्तीपासून प्रत्येक संभाषणाची अवस्था नोंदवण्याची सोय त्यात आहे. नियम साधा असतो: नवे संभाषण आतून सुरू झाले तर चालेल, बाहेरून येणारे पॅकेट आधीच सुरू असलेल्या संभाषणाचे किंवा त्याच्याशी संबंधित असले तरच आत यावे, एरवी टाकून द्यावे. इंटरनेटवर संभाषणाच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन मुख्य पद्धती आहेत. टीसीपीमध्ये संभाषण संपल्याची खूण दोन्ही बाजू देतात, म्हणून ती ओळ केव्हा खोडायची ते समजते. यूडीपीमध्ये निरोप घेण्याची पद्धतच नाही. तेथे राउटर घड्याळावर विसंबतो, आणि उत्तर न आलेली ओळ लिनक्स मुळात ३० सेकंदांनी काढून टाकते.

ऑगस्ट २००३ मध्ये पसरलेला ब्लास्टर हा किडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, विंडोजच्या पोर्ट १३५ मधून शिरत असे आणि त्यासाठी वापरणाऱ्याने काहीही उघडण्याची गरज नसे. मोडेमला थेट जोडलेले संगणक त्याला उघडे पडले होते. साध्या घरगुती राउटरच्या मागे असलेल्या संगणकांपर्यंत त्याला बाहेरून पोचता येत नव्हते.

ही तटबंदी आपणच फोडतो तेव्हा मला फार वाईट वाटते. माझ्या मावशीकडे कॅमेरे बसवणाऱ्या माणसाने मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून दिले, म्हणजे बाहेरून रेकॉर्डरपर्यंत कायमची वाट उघडून दिली, आणि रेकॉर्डरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला. २०१६ साली मिराई या घातक प्रोग्रामने अशाच पासवर्डांच्या आधारे असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते, आणि २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर झालेल्या पॅकेटांच्या माऱ्यात त्यांचा वापर झाला. मी मावशीकडचे फॉरवर्डिंग काढले, पासवर्ड बदलला आणि राउटरमधली यूपीएनपी ही सोय बंद केली, कारण ती सुरू असेल तर घरातले कोणतेही उपकरण कोणाला न विचारता राउटरकडून बाहेरच्यांसाठी वाट उघडून घेऊ शकते. आतून बाहेर जाणाऱ्या संभाषणाला राउटर सहसा अडवत नाही, त्यामुळे फसव्या दुव्यावर आपणच बोट ठेवले तर ही नोंदवही उपयोगी पडत नाही.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि नॅटची गरज उरत नाही. त्यामुळे घर उघडे पडते, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही, कारण नोंदवही आणि तिचा नियम येथेही तसाच लागू करता येतो. फक्त तो आपल्या राउटरवर सुरू आहे की नाही हे तपासावे लागते. मी लॅपटॉपवर एक छोटा वेब सर्व्हर चालू केला, लॅपटॉपची स्वतःची फायरवॉल, म्हणजे नको असलेली पॅकेटे अडवणारी सोय, तेवढ्यापुरती बंद ठेवली आणि मोबाइलचे वायफाय बंद करून, डेटावरून त्या सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यावर जाण्याचा प्रयत्न केला. पान उघडले नाही. राउटरच्या नोंदीत मात्र माझ्याच मोबाइलची, नाकारलेली एक ओळ उमटली होती.